शाळांतल्या लिनक्सची मुदत संपते तेव्हा: शालेय शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: शाळांमधील संगणकांवर असलेल्या लिनक्सच्या मुदतबाह्य आवृत्त्यांबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचं काम करतो. आसपासच्या जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांचे संगणक बंद पडले की मुख्याध्यापकांचा फोन मला येतो. कुठे रॅम सैल झालेली असते, कुठे पॉवर सप्लाय गेलेला असतो, कुठे उंदरांनी केबल कुरतडलेली असते. ही कामं होऊन जातात. ज्या बिघाडाबद्दल हे पत्र लिहितो आहे तोही दुरुस्त होण्यासारखाच आहे, पण त्यासाठी मला कोणी बोलावत नाही. कारण काही बिघडलंय हेच कोणाला दिसत नाही.

यातल्या बऱ्याच शाळांत संगणकांवर उबुंटू १८.०४ ही लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची, आवृत्ती आहे. तिला मोफत मिळणारी सुरक्षा अपडेट मे २०२३ अखेर बंद झाली. वर्ग भरतात, मुलं टायपिंग करतात, शिक्षक इंटरनेट वापरतात, सगळं सुरळीत चाललेलं दिसतं. पण त्यानंतर सापडलेल्या एकाही त्रुटीवरची दुरुस्ती त्या संगणकांपर्यंत पोचलेली नाही.

हे असं का झालं, ते मला आपल्यासमोर नीट मांडायचं आहे. उबुंटूच्या आवृत्तीच्या क्रमांकात तिचं वर्ष आणि महिना असतो. १८.०४ म्हणजे एप्रिल २०१८. कॅनॉनिकल ही कंपनी दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये दीर्घ मुदतीची एक आवृत्ती काढते, तिला एलटीएस म्हणतात, आणि तिला पाच वर्षं मोफत अपडेट देते. ही पाच वर्षं आवृत्ती निघाली त्या महिन्यापासून मोजायची. संगणक शाळेत कधी आला, याला तिथे काही किंमत नाही. मी पाहिलेल्या एका शाळेत २०२१ साली संगणक आले. तेव्हा २०.०४ येऊन वर्ष उलटून गेलं होतं, तरी पुरवठादारानं हाताशी तयार असलेली १८.०४ सगळ्यांवर चढवून दिली. तीन वर्षांची वॉरंटी आणि दोन वर्षांचं सॉफ्टवेअर, असा तो माल होता. बिलात ‘लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमसह’ असं लिहिलं होतं. आवृत्ती कुठली आणि ती कधी संपणार, याचा उल्लेख नव्हता. मुख्याध्यापकांनी तरी काय विचारायचं? त्यांच्यापुढे आलेल्या कुठल्याच कागदात तसा रकाना नव्हता.

जुन्या, कमी रॅमच्या संगणकांची स्थिती आणखी वाईट आहे. तिथे लुबुंटू किंवा झुबुंटूसारखी हलकी आवृत्ती टाकलेली असते, आणि त्या एलटीएस असल्या तरी त्यांना पाच नव्हे, तीनच वर्षं मिळतात. लुबुंटू १८.०४ तर २०२१ मध्येच संपली.

यावर शिक्षक मला म्हणतात, “अपडेट मारलंय की, काही बाकी नाही दाखवत.” त्यांचं बरोबर आहे. आदेश दिला की संगणक सर्व्हरशी संपर्क साधतो, याद्या उतरवून घेतो आणि शेवटी लिहितो, ‘ऑल पॅकेजेस आर अप टू डेट’. वाढीव सुरक्षा सेवा चालू नाही, अशा अर्थाची एक इंग्रजी ओळही तिथेच असते, पण ती वाचून ‘आपली मुदत संपली’ असा अर्थ काढणं शिक्षकाला शक्य नाही. नवं काही येणंच थांबलंय, म्हणून बाकी काही दिसत नाही. विंडोजवर निदान मोठी पाटी झळकते. इथे संगणक जितका शांत, तितका तो ठणठणीत आहे असं सगळे धरून चालतात.

मुदत संपल्यानं नेमकं काय होतं, ते एका उदाहरणावरून कळेल. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी या चित्रप्रकारात गंभीर त्रुटी सापडली. मुद्दाम बिघडवलेलं एखादं चित्र नुसतं उघडलं गेलं, तरी हल्लेखोराला आपला कोड त्या संगणकावर चालवता येण्याची शक्यता होती, आणि तिचा गैरवापर सुरूही झाला होता. जगभर घाईघाईनं दुरुस्त्या निघाल्या. उबुंटू १८.०४ ची मोफत मुदत त्याच्या साडेतीन महिने आधी संपली होती. शाळेच्या संगणकावर मुलं दिवसभर काय करतात? चित्रं शोधतात, प्रकल्पासाठी उतरवून घेतात, फाइलमध्ये चिकटवतात. याउलट जानेवारी २०२२ मध्ये ‘पीकेएक्सेक’ या घटकातली त्रुटी उघड झाली. ती २००९ पासून तिथे होती, आणि साध्या वापरकर्त्याला सगळ्या संगणकाचा ताबा मिळवून देत होती. त्या वेळी १८.०४ मुदतीत होती, म्हणून दुरुस्ती लगेच आणि फुकट आली. संगणक तेच आणि शाळाही तीच होती. फरक पडला तो तारखेचा.

आता कोणी म्हणेल, मुलांच्या टायपिंगच्या संगणकात चोरण्यासारखं आहे काय? महोदय, हा प्रश्न मला शिक्षण विभागातल्या माणसांनीही विचारला आहे. ग्रामीण शाळेत ‘कार्यालयाचा संगणक’ म्हणून वेगळा असतोच असं नाही. असला तरी तो बंद पडला की लिपिक संगणक कक्षात येऊन बसतात. त्याच संगणकावरून ‘सरल’मध्ये विद्यार्थ्यांची माहिती भरली जाते, ‘युडायस प्लस’चं काम होतं, ‘शालार्थ’वर शिक्षकांची पगारबिलं तयार होतात. ब्राउझरनं ‘पासवर्ड जतन करू का?’ विचारलं की ‘हो’ म्हटलेलं असतं. मुलांची नावं, जन्मतारखा, जात, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल, शिक्षकांची बँक खाती, एवढं सगळं त्या संगणकावरून जातं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार, माहिती बाळगणाऱ्यानं तिच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय करायचे आहेत, आणि त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. दोन-तीन वर्षं अपडेटच न मिळालेल्या संगणकावर ही माहिती हाताळणं वाजवी कसं ठरेल, ते मला सांगता येत नाही.

दुसरी अडचण कमी धोक्याची, पण शिक्षणाच्या मुळावर येणारी आहे. एखादे हौशी शिक्षक मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला घेतात, त्यासाठी लागणाऱ्या नोड.जेएस या सॉफ्टवेअरची १८ वी आवृत्ती उतरवून घेतात आणि ती चालत नाही. तिला ‘ग्लिबसी’ हा पायाभूत घटक २.२८ किंवा त्याहून नवा लागतो. उबुंटू १८.०४ मध्ये तो २.२७ आहे. शिक्षकांना वाटतं संगणकच जुना झाला. मग अर्ज जातो, प्रस्ताव होतो, डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद पडते आणि चांगला चालू संगणक निर्लेखनाच्या ढिगात जातो. असे ढीग मी पाहिले आहेत. त्यांतल्या कित्येक संगणकांना पाचशे-हजाराची रॅम आणि नवी आवृत्ती मिळाली असती, तर ते आणखी काही वर्षं सहज चालले असते. शाळेला एक संगणक मिळवायला आमदार निधीपासून माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीपर्यंत काय काय करावं लागतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा ढीग बघवत नाही.

‘स्वदेशी बॉस वापरा, प्रश्न मिटेल’ असा सल्लाही मिळतो. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचं बॉस लिनक्स हे डेबियन या दुसऱ्या एका लिनक्सवर उभं आहे. त्यालाही आवृत्त्या आहेत, आणि त्या आवृत्त्यांनाही मुदत आहे. आणि मुदत कागदावर असली म्हणजे निश्चिंत झालो, असंही नाही. सेंटओएस ८ या सर्व्हरसाठीच्या मोफत लिनक्सला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार, या भरवशावर जगभर सर्व्हर उभे राहिले. डिसेंबर २०२० मध्ये तिच्यामागच्या रेड हॅट कंपनीनं ती २०२१ अखेरच बंद होईल असं जाहीर केलं. ज्यांच्याकडे हिशेब ठेवणारं कोणी होतं, ते वर्षभरात अल्मा किंवा रॉकी या तिच्या जागी आलेल्या लिनक्सवर गेले. म्हणून नुसता कागद पुरत नाही, हिशेब ठेवणारा माणूसही लागतो.

केरळमध्ये तो आहे. तिथल्या सरकारच्या ‘काइट’ या संस्थेनं २०१९ मध्ये उबुंटू १८.०४ वर आधारलेली खास शालेय आवृत्ती काढली. दोन लाखांहून अधिक संगणकांवर ती जाणार आणि परवान्यांचे ३००० कोटी रुपये वाचणार, ही बातमी देशभर गाजली. मला त्या ३००० कोटींपेक्षा नंतरची गोष्ट मोलाची वाटते. काइटनं पुढे २२.०४ वर आधारलेली आवृत्तीही काढली. म्हणजे जुनी आवृत्ती संपणार हे तिथे कोणाच्या तरी टेबलावर लिहिलेलं होतं. फुकटचं सॉफ्टवेअर मिळवणं अवघड नाही. ते पाच-सहा वर्षांनी बदलण्याची जबाबदारी कोणाच्या तरी नावावर टाकणं, हे सरकारनंच करायचं काम आहे, आणि ते आपल्याकडे झालेलं नाही. शाळांना संगणक कक्ष देणाऱ्या आयसीटी योजनेत तो कक्ष पाच वर्षं चालवून मग शाळेच्या स्वाधीन करण्याची पद्धत होती. स्वाधीन झाला त्या दिवसापासून त्यावरच्या सॉफ्टवेअरला वाली उरला नाही.

बियाण्याच्या पिशवीवर वैधतेची तारीख नसेल तर कृषी खातं दुकानदाराला सोडत नाही. तेवढाच काटेकोरपणा मी संगणकाच्या खरेदीत मागतो आहे. खरेदी जीईएम या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावरून होवो, निविदेतून होवो की देणगीतून, ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव, आवृत्ती आणि तिच्या मोफत सुरक्षा अपडेटची शेवटची तारीख पुरवठा आदेशात यावी. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्यासाठी एक रकाना वाढवावा. माल पोचेल त्या दिवशी किमान तीन वर्षं शिल्लक असलेलीच आवृत्ती स्वीकारावी. दर दोन वर्षांनी नवी एलटीएस येते, त्यामुळे पुरवठादारावर यात काही जुलूम होत नाही. वार्षिक देखभालीच्या करारांत आज फक्त हार्डवेअर धरलं जातं. त्यांत आवृत्ती बदलून देण्याचं कलम घालावं, म्हणजे ‘सॉफ्टवेअर एएमसीत बसत नाही’ हे उत्तर बंद होईल.

प्रत्यक्ष काम किती आहे, तेही सांगतो. जागच्या जागी १८.०४ वरून २०.०४, मग २२.०४ असं पायरीपायरीनं जावं लागतं, मधली एलटीएस गाळता येत नाही. दर पायरीला प्रत्येक संगणक जीबीच्या हिशेबात डेटा ओढतो. गावच्या शाळेत हे इंटरनेट म्हणजे कित्येकदा सरांच्या मोबाइलचं हॉटस्पॉट असतं. वीस संगणकांसाठी हा मार्ग धरला तर ते काम पुरं होणार नाही. त्यापेक्षा मुलांच्या फाइली काढून ठेवायच्या आणि पेन ड्राइव्हवरून नवी आवृत्ती बसवायची. ३२ बिट, म्हणजे जुन्या धाटणीचं लिनक्स असलेल्या संगणकांना तर नव्यानं बसवण्यावाचून गत्यंतर नाही. त्यांतल्या बहुतेकांचा प्रोसेसर ६४ बिटचा असतो. खरोखरच ३२ बिटचे असतील त्यांच्यासाठी डेबियन १२ हा शेवटचा थांबा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच नाही. नंतरच्या अपडेटसाठी कक्षातल्या एका संगणकावर अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी हा प्रोग्रॅम बसवला की एकदा उतरलेली फाइल बाकीच्यांना तिथूनच मिळते. हाच उपाय राज्याच्या डेटा सेंटरमध्ये उबुंटू आणि डेबियनचा आरसा-सर्व्हर, म्हणजे त्यांच्या फाइलींची प्रत ठेवणारा सर्व्हर, ठेवून मोठ्या प्रमाणावर करता येईल.

इनस्क्रिप्ट कळफलक, देवनागरी फॉन्ट, लिबरऑफिस, जिओजेब्रा असं सगळं भरलेली, तपासलेली एक प्रतिमा (संगणकावर थेट बसवता येईल अशी तयार प्रत) राज्यानं दर दोन वर्षांनी काढावी आणि गटसाधन केंद्रात पेन ड्राइव्हवर ठेवावी. तालुक्यातल्या एका साधनव्यक्तीकडे हे काम लेखी सोपवावं. शिकण्याचं साहित्य तयार आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. जिथे लगेच बदल शक्य नाही तिथे कॅनॉनिकलची उबुंटू प्रो सेवा १८.०४ ला २०२८ पर्यंत सुरक्षा अपडेट देते. व्यक्तीला ती पाच संगणकांपर्यंत फुकट आहे, पण वीस संगणकांच्या शाळेला हा आडमार्ग दाखवणं बरोबर नाही. राज्यानं एकत्र बोलणी केली तर दर नक्कीच वेगळा मिळेल.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेले जुने संगणक विंडोज ११ घेत नाहीत, आणि अशा संगणकांवर लिनक्स टाकण्याचा सल्ला आता सगळीकडे दिला जातो आहे. सल्ला चांगला आहे, मीही तोच देतो. पण घाईत, हाती लागेल ती आवृत्ती टाकली गेली तर आज जे १८.०४ चं झालं तेच पुन्हा होईल. २०.०४ ची मोफत मुदत मे २०२५ मध्ये संपली, २२.०४ ची २०२७ मध्ये संपते. आज बसवायचीच तर किमान २४.०४ बसवावी, तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

मे महिन्याच्या सुट्टीत संगणक कक्ष रिकामे असतात. येत्या सुट्टीत आपण एक तालुका निवडावा, त्यातल्या प्रत्येक शाळेत कोणती आवृत्ती आहे याची केंद्रप्रमुखांकडून आठवडाभरात यादी मागवावी आणि जून उजाडायच्या आत तिथले संगणक मुदतीतल्या आवृत्तीवर आणावेत. तो तालुका आमचा असेल तर मी आणि माझ्या दुकानातली दोन मुलं ते काम विनामोबदला करू. पेन ड्राइव्ह आमचे. फक्त शाळा उघडून देण्याचं आणि फाइली काढून ठेवण्याचं लेखी पत्र विभागानं काढावं, कारण त्याशिवाय कोणतेही मुख्याध्यापक आम्हाला संगणकाला हात लावू देणार नाहीत, आणि देऊही नये.

आपला नम्र,
एक संगणक दुरुस्ती कारागीर
जि. सातारा