शॉटगनच्या बातमीत अंतर आणि काडतूसही लिहा

संपादक महोदय,
स. न.

शॉटगनचा उल्लेख असलेल्या बातम्यांत दोन समजुती हमखास डोकावतात. एक, तिला नेम धरावा लागत नाही. दुसरी, तिचा बार लागला की माणूस मागे फेकला जातो. दोन्ही चुकीच्या आहेत. रायफल किंवा पिस्तुलाचे काडतूस कोणते, यावर तिची ओळख बऱ्याच अंशी ठरते. शॉटगनचे तसे नाही. एकाच नळीतून चिमणीएवढ्या पक्ष्यासाठीचे बारीक छर्रेही सुटतात आणि रानडुकरासाठीचा शिशाचा एकच जड गोळाही. त्यामुळे 'शॉटगनचा पल्ला किती?' या प्रश्नाला, आत काय भरले होते हे कळल्याशिवाय उत्तर नाही.

आधी बोअरचा हिशेब. नळीच्या आतल्या व्यासाइतके शिशाचे गोळे एका पौंडात बारा बसत असतील, तर ती बारा बोअर. हा व्यास सुमारे १८.५ मिमी भरतो. वीस बोअरचा १५.६ मिमी, म्हणजे आकडा वाढला की नळी अरुंद होते. अपवाद .४१० चा. तो थेट इंचांतला व्यास आहे, त्यामुळे त्याला 'चारशे दहा बोअर' म्हणणे बरोबर नाही.

आता काडतुसे. साडेसात नंबरचा छर्रा २.४ मिमी जाडीचा असतो आणि २८ ग्रॅमच्या भारात असे साधारण साडेतीनशे छर्रे मावतात. नळीतून निघताना प्रत्येकाची ऊर्जा जेमतेम पाच ज्यूल. गोल आणि हलक्या छर्ऱ्याला हवा लगेच अडवते. ३५-४० मीटरपर्यंत त्याचा वेग निम्म्याजवळ येतो, म्हणजे ऊर्जा पावपट उरते. बकशॉटचे, म्हणजे जाड छर्ऱ्यांचे, गणित वेगळे. ७० मिमी लांबीच्या नेहमीच्या काडतुसात डबल-झीरो आकाराचे नऊ छर्रे असतात. प्रत्येक ८.४ मिमीचा, साडेतीन ग्रॅमचा, सुटताना सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाचा. नऊ मिळून अडीच हजार ज्यूल. ९ मिमी पिस्तुलाची आठ ग्रॅमची गोळी पाचशे ज्यूलच्या आसपास असते. जवळच्या अंतरावर शॉटगनचा दरारा आहे तो यामुळे.

पण हे छर्रे एकत्र राहत नाहीत. चोक, म्हणजे तोंडाशी आवळलेला भाग, नसलेल्या नळीतून बकशॉट दर मीटरला साधारण दोन-अडीच सेंटीमीटर फाकतो, असा ढोबळ अंदाज धरतात. नळी आणि काडतूस बदलले की हा आकडाही बदलतो. म्हणजे खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झालेला बार जेमतेम मुठीएवढ्या ते तळव्याएवढ्या जागेत बसतो. नेम चुकला तर तो पुरता चुकतो. पंचवीस मीटरवर तोच घेर अर्ध्या मीटरच्या पुढे जातो आणि नऊपैकी काही छर्रे बाजूने निघून जातात. फुल चोक असेल, म्हणजे नळीचे तोंड सुमारे एक मिलिमीटरने आवळलेले असेल, तर ४० यार्डांवर ३० इंचांच्या वर्तुळात सुमारे ७० टक्के छर्रे पडावेत, असे मानक आहे. चोक नसेल तर ४० टक्के.

स्लग हा एकच गोळा. २८ ग्रॅमचा स्लग सेकंदाला ४७५ मीटर वेगाने निघाला तर ऊर्जा तीन हजार ज्यूलच्या वर जाते, म्हणजे ७.६२ मिमी रायफलच्या जवळपास. फरक पुढे पडतो. शंभर मीटरपर्यंत स्लग निम्म्याहून अधिक ऊर्जा गमावतो, तर टोकदार रायफल गोळी पाचव्या हिश्शाहूनही कमी. म्हणून गुळगुळीत नळीतला स्लग ७५ ते १०० मीटरपर्यंतच भरवशाचा, आणि रायफल कित्येकशे मीटर. स्लगवरचे तिरके खाच त्याला फिरवतात, हाही गैरसमज आहे. बॅडमिंटनच्या फुलासारखा पुढे जड असल्याने तो सरळ जातो. खाचांचा उपयोग चोकमधून दबून निघण्यासाठी.

उपयोगाचा पल्ला आणि धोक्याचा पल्ला यांत गल्लत नको. वर झाडलेला बारीक छर्रा साधारण दोनशे मीटरच्या आत खाली येतो. डबल-झीरोचा छर्रा साडेसहाशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. खेळण्यासारखी वाटणारी .२२ रायफल मात्र दीड किलोमीटरहून दूर गोळी टाकते.

राहिला 'रोखण्याच्या शक्ती'चा प्रश्न. हे कोणत्याही एककात मोजता येणारे परिमाण नाही. ३२ ग्रॅम छर्रे सेकंदाला ४०० मीटर वेगाने ७५ किलोच्या माणसाला सगळेच्या सगळे लागले, तरी त्याला मिळणारा धक्का सेकंदाला १७ सेंटीमीटर, म्हणजे साध्या चालीच्या आठव्या भागाएवढा. तितकाच धक्का झाडणाऱ्याच्या खांद्यालाही बसतो, आणि तो काही उडून पडत नाही. परिणाम ठरतो तो जखम किती खोल गेली आणि कशाला लागली यावर. १९८६ च्या मायामीतील चकमकीनंतर एफबीआयने जिलेटिनमध्ये (शरीराच्या मांसाऐवजी चाचणीला वापरतात तो पदार्थ) किमान १२ इंच भेदनाचा निकष स्वीकारला तो याच विचाराने. बारीक छर्रे त्याच्या निम्म्यापर्यंतही नीट पोहोचत नाहीत. जवळून त्यांची जखम भयंकर दिसते, पण उथळ राहू शकते. 'भयंकर' आणि 'खोल' हे वेगळे शब्द आहेत.

बातमीदाराला हे सगळे पाठ असण्याची गरज नाही. झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीच्या पितळी बुडावर बोअर कोरलेला असतो, आणि प्लास्टिकवर लांबी व छर्ऱ्याचा नंबर बहुधा छापलेला असतो. वीस बोअरची पुंगळी तर पिवळ्या रंगावरूनच ओळखू येते. ती बारा बोअरच्या नळीत घसरून अडकते, मागून बारा बोअरचे काडतूस भरले की नळी फुटते, म्हणूनच तो रंग ठरलेला आहे. तपास अधिकाऱ्याला पुंगळीवर काय लिहिले होते आणि बार किती अंतरावरून झाला, एवढे दोनच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे बातमीत छापावीत.

आपला,
एक वाचक