छोटे अध्ययन समूह वेळापत्रकावर टिकतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोठ्या माध्यमिक शाळांचे छोट्या अध्ययन समूहांत विभाजन करावे, असे सुचवणारा लेख आपल्या दैनिकात वाचला. या कल्पनेची मी पहिल्यापासून समर्थक आहे. सुमारे तीस वर्षे माध्यमिक वर्गांना गणित शिकवताना, दीड-दोन हजारांच्या पटात एखादे मूल कुणाच्याही नजरेस न पडता वर्ष काढू शकते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. मात्र लेखाचा सारा भर समूह कसे करावेत यावर आहे. ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी टिकावेत कसे, याचा विचार त्यात जेमतेम एका परिच्छेदात आटोपला आहे, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे हे प्रयोग नेमके तिथेच फसतात.

तुकडी म्हणजे समूह नव्हे, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. तुकडीत मुले ठरलेली असतात, पण त्यांना शिकवणारे शिक्षक ठरलेले नसतात. गणिताची शिक्षिका पाच तुकड्यांवर जाते, भाषेचे शिक्षक वेगळ्याच पाच तुकड्यांवर जातात आणि विज्ञानाचे आणखी तिसऱ्याच. समूहात मुले आणि शिक्षक दोन्ही ठरलेले असतात. समजा, चार शिक्षक आणि एकशेवीस विद्यार्थी आहेत. प्रत्येक शिक्षक पूर्वीइतक्याच, म्हणजे एकशेवीस मुलांना शिकवतो, त्याचे काम हलके होत नाही. पण चौघेही त्याच एकशेवीस मुलांना शिकवत असतात. एखादी मुलगी गणितात गप्प बसते, भाषेच्या तासाला मात्र उत्तम लिहिते आणि गेले तीन सोमवार पहिल्या तासिकेला गैरहजर आहे, या तीन गोष्टी तीन शिक्षकांना स्वतंत्रपणे माहीत असून उपयोग नसतो. त्या एका टेबलाभोवती एकत्र आल्या तरच तिच्या घरी वेळेवर निरोप जातो. समूहाचा खरा लाभ हाच आहे. तो पदरात पडायचा असेल, तर त्या चौघांना आठवड्यातून निदान दोनदा एकाच वेळी मोकळी तासिका मिळाली पाहिजे.

हा विचार नवा नाही. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील शाळांचा अभ्यास करून १९६४ साली दाखवून दिले, की मोठ्या शाळेत उपक्रम अधिक असले तरी लहान शाळेतील विद्यार्थ्याच्या वाट्याला जबाबदारीची कामे अधिक येतात, कारण तिथे प्रत्येकाची गरज असते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ थिओडोर सायझर यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या शाळांच्या संघाने, माध्यमिक शिक्षकाकडे ऐंशीहून अधिक विद्यार्थी नसावेत, हे आपल्या तत्त्वांत घातले. पुढे अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण विभागाने २००० सालापासून, हजार किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या माध्यमिक शाळांना असे समूह उभारण्यासाठी अनुदान दिले. ती योजना कालांतराने बंद झाली.

या सगळ्या खटाटोपातून हाती काय आले, याचे उत्तर एकसारखे नाही आणि ते तसेच वाचकांपुढे यायला हवे. गेट्स प्रतिष्ठानने माध्यमिक शाळांच्या सुधारणेवर नऊ वर्षांत दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम खर्च केली, तिचा मोठा भाग लहान शाळांसाठी होता. आणि २००९ च्या वार्षिक पत्रात बिल गेट्स यांनी, त्यांतील अनेक शाळांत विद्यार्थ्यांच्या संपादणुकीत म्हणावी तशी सुधारणा झाली नाही, हे स्वच्छ मान्य केले. मुख्याध्यापकांना आपला शिक्षकवर्ग निवडू देणे किंवा अभ्यासक्रम बदलणे, असे मूलभूत बदल ज्यांनी केले नाहीत, त्याच बहुतांशी या शाळा होत्या, हेही त्यांनी नोंदवले. अमेरिकेतील डेन्व्हर शहरातील मॅन्युअल हायस्कूलचे २००१ मध्ये एकाच इमारतीत तीन लहान शाळांत रूपांतर झाले. पटसंख्या घटत गेली आणि २००६ मध्ये ती शाळा बंद करावी लागली. याउलट न्यूयॉर्क शहरात २००२ नंतर उघडलेल्या शंभराहून अधिक लहान माध्यमिक शाळांचा एमडीआरसी या संशोधन संस्थेने अभ्यास केला. तिथे अर्ज जागांहून अधिक आल्याने प्रवेश सोडतीसारख्या पद्धतीने झाले होते, त्यामुळे प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना रास्त ठरली. २०१० च्या अहवालात, चार वर्षांत शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण या शाळांत ६.८ टक्के-गुणांनी, म्हणजे शंभर मुलांमागे सुमारे सातने, अधिक आढळले. शालेय सुधारणांच्या क्षेत्रात एवढा फरक, तोही अशा काटेकोर तुलनेत, क्वचितच दिसतो.

दोन्हीकडे आकार लहानच होता. मग फरक कशाने पडला? न्यूयॉर्कच्या शाळा नव्याने उभ्या राहिल्या, त्यांना आपले शिक्षक आणि आपले वेळापत्रक होते. जुन्या शाळेच्या पोटात समूह करताना मात्र जुने वेळापत्रक तसेच ठेवून त्यावर समूहांची नावे चिकटवली जातात. माझे हे अनुमान आहे, पण त्यामागे मी स्वतः पाहिलेला एक प्रयोग आहे.

मी नोकरीत असताना आमच्या शाळेत नववीचे तीन समूह केले गेले. पहिले वर्ष मी विसरू शकत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी चौथ्या तासिकेला आम्ही पाच शिक्षक एकत्र बसत असू, मुलांची यादी समोर असे आणि एकेका नावावर बोलणे होई. दिवाळीपूर्वीच आम्हाला कळले होते, की कोणत्या अकरा मुलांची गाडी रुळावरून उतरते आहे. पूर्वी हे वार्षिक निकालाच्या दिवशी कळत असे. दुसऱ्या वर्षी कुणी शिक्षक रजेवर गेला, की बदली तासिकेसाठी आमच्यातील कुणाला तरी उचलले जाऊ लागले. ‘तुम्ही मोकळेच आहात’ हे वाक्य पर्यवेक्षकांकडून आम्ही किती वेळा ऐकले, त्याची गणती नाही. त्यांचीही अडचण खरी होती. वर्ग रिकामा ठेवता येत नाही. पण पाचांतील दोघे गेले, की बैठकीला अर्थ उरत नसे. तिसऱ्या वर्षी त्या बैठका वेळापत्रकातून गेल्या आणि समूहांची नावे तेवढी सूचनाफलकावर राहिली. आम्हा शिक्षकांपैकी कुणीही त्या वर्षी ‘समूह बंद झाला’ असे म्हटले नाही, कारण तसा ठराव कधी झालाच नव्हता.

समूह असे कळत-नकळत विरघळण्याची आणखी दोन कारणे मला दिसली. एक म्हणजे ऐच्छिक विषय. उच्च गणिताचा किंवा एखाद्या परकीय भाषेचा एकच वर्ग शाळेत असतो. त्यासाठी मुले आपल्या समूहाबाहेर जातात, आणि अशी देवाणघेवाण वाढली, की समूहातील शिक्षकांसमोर समूहातील निम्मीच मुले उरतात. असे वर्ग दिवसाच्या एकाच ठरावीक तासिकेला बांधून टाकणे हा त्यावर चांगला उपाय आहे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. विषयांच्या आवडीवर आधारलेले समूह करायला गेले, की दोन-तीन वर्षांत त्यांतला एक हुशारांचा आणि एक ‘उरलेल्यांचा’ ठरतो. पालक ते सर्वांच्या आधी ओळखतात, मुले त्यांच्यापाठोपाठ. म्हणून प्रत्येक समूहात सर्व गुणपातळ्यांची मुले असतील, याची तपासणी दरवर्षी प्रवेशाच्या वेळीच झाली पाहिजे; नंतर ही विभागणी दुरुस्त करणे म्हणजे मुलांना जागचे हलवणे, आणि मग ओळखीचा जो धागा जुळला असतो तोच तुटतो.

मुख्याध्यापक बदलले, की प्रयोग संपतो, असे पुष्कळदा म्हटले जाते आणि ते खोटे नाही. परंतु समूहाच्या प्रमुख शिक्षकाला वेळापत्रकाच्या आखणीत बसण्याचा, आपल्या समूहातील मुलांच्या वर्गरचनेत बदल करण्याचा आणि पालकांना थेट बोलावण्याचा लेखी अधिकार असेल, तर नव्या मुख्याध्यापकांना समूह मोडण्यासाठी निदान तसा निर्णय घ्यावा लागतो. आमच्याकडे प्रमुखाला मिळाले होते ते केवळ पद आणि अहवाल लिहिण्याचे काम.

लहान समूहाने अध्यापन आपोआप सुधारते, असा माझा दावा नाही. चार शिक्षक एकत्र बसून निव्वळ खोड्यांच्या तक्रारी करत राहिले, तर ती तासिका वायाच जाते. आमच्याही पहिल्या काही बैठका अशाच गेल्या. मुलांच्या वह्या समोर ठेवून बोलायचे, असे ठरवल्यावर बोलण्याची दिशा बदलली. त्या वह्यांतूनच मला समजले, की माझी काही मुले शाब्दिक उदाहरणांत अडतात ती गणितामुळे नव्हे, तर लांब वाक्य वाचता न आल्यामुळे. हे मला भाषेच्या शिक्षिकेने दाखवून दिले. पंधरा वर्षे एकाच शिक्षकदालनात बसूनही आम्ही त्यापूर्वी एकाच मुलाची वही एकत्र उघडली नव्हती.

आपल्या दैनिकास एक विनंती आहे. एखादी शाळा समूह सुरू करते तेव्हा उद्घाटनाची बातमी जरूर छापावी. पण त्याच बातमीत समूहातील शिक्षकांची सामायिक तासिका कोणत्या वारी आणि कितवी आहे, हेही विचारून छापावे. आणि दोन वर्षांनंतर आपल्या प्रतिनिधीने पुन्हा त्या शाळेत जाऊन, ती तासिका वेळापत्रकात अजून आहे का आणि गेल्या महिन्यात अशा तासिकांपैकी किती बदली कामासाठी वापरल्या गेल्या, एवढे दोनच प्रश्न विचारावेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका