काजूच्या भावाची दोरी परदेशात, कोकणचे राहणीमान अधांतरी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जागतिकीकरणाने लोकांचे राहणीमान उंचावले की खालावले, यावर वर्तमानपत्रांतून अधूनमधून चर्चा होते आणि ती बहुतेक वेळा शहरांतील मॉल, मोबाइल आणि माहिती तंत्रज्ञानातील नोकऱ्या यांभोवतीच फिरते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात काजूची बाग राखून असलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा प्रश्न वेगळ्या बाजूने दिसतो, म्हणून हे पत्र. कोकणात घरोघरी दुचाकी आल्या, कौलांच्या जागी स्लॅब पडला, मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जाऊ लागली, हे सगळे खरे आहे आणि ते नाकारण्याचे काही कारण नाही. पण हा खर्च ज्या पिकाच्या पैशातून भागायचा, त्या पिकाचा भाव ठरवण्यात आम्हाला आता काडीचाही आवाज उरलेला नाही. तो थोडाफार परत मिळवता येण्यासारखा आहे, तरीही त्यासाठी हालचाल होत नाही, ही माझी तक्रार आहे.

परदेशी व्यापाराला माझा सरसकट विरोध नाही. काजूचे झाडच मुळात ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते आपल्या किनाऱ्यावर आणले आणि कातळाच्या आधाराने, वरकस म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत ते असे रुजले की आज काजूविना सिंधुदुर्गाची कल्पनाही करता येत नाही. पुढे १९९० मध्ये राज्य सरकारने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना आणली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले येथील संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ यांसारख्या जाती दिल्या आणि ज्या डोंगरउतारांवर नाचणी-वरीपलीकडे काही होत नव्हते, तिथे काजूच्या कलमांच्या बागा उभ्या राहिल्या. राज्यातील शेतीविषयक योजनांपैकी इतका टिकाऊ परिणाम फार थोड्या योजनांनी साधला असेल. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, देशाची अर्थव्यवस्था खुली झाली. कलमे उत्पन्न देऊ लागली, तोवर ज्या बाजारात त्यांची बी जायची तो बाजारच बदललेला होता.

आज भाव कसा ठरतो, ते पाहावे. मार्च-एप्रिलमध्ये शेतकरी गोणी घेऊन बाजाराच्या गावी येतो. व्यापारी मूठभर बी हातात घेऊन हलवून पाहतो, एखादी फोडून गर कसा भरला आहे ते बघतो, कधी बादलीभर पाण्यात टाकून तरंगणारी बी बाजूला काढतो. आमच्या वाडवडिलांच्या काळात बीची पारख झाली की भाव ठरत असे. आता पारख झाल्यावर व्यापारी खिशातून मोबाइल काढतो, आलेला संदेश वाचतो आणि आकडा सांगतो. तो आकडा आयव्हरी कोस्ट, बेनिन, गिनी-बिसाऊ, टांझानिया या देशांतून निघालेल्या बोटींच्या मालावरून ठरलेला असतो. टांझानियाचे पीक ऑक्टोबर ते जानेवारीत निघते आणि आमचा हंगाम सुरू होण्याआधीच कारखान्यांच्या गोदामांत येऊन पडते. पश्चिम आफ्रिकेचा हंगाम तर आमच्याच हंगामाबरोबर चालतो. देशातील काजू कारखान्यांची भूक देशातील पिकापेक्षा कितीतरी मोठी आहे आणि ती भागवायला लाखो टन कच्ची बी बाहेरून येते. २०१८ च्या अर्थसंकल्पात या कच्च्या बीवरील आयातशुल्क ५ टक्क्यांवरून २.५ टक्के करण्यात आले. एकेकाळी किलोला दीडशेच्या पुढे गेलेली आमची बी नंतरच्या काही हंगामांत शंभर-एकशेदहावर उतरली. मधल्या एखाद्या वर्षी भाव चढतोही. पण तो आफ्रिकेत पीक घटल्यामुळे किंवा तिथल्या सरकारने कच्चा माल बाहेर जाऊ देणे रोखल्यामुळे. म्हणजे आमचे चांगले दिवससुद्धा दुसऱ्याच्या अडचणीवर अवलंबून आहेत. आफ्रिकेतील तो शेतकरी आमचा शत्रू नव्हे. त्यालाही त्याच्या बीचा भाव कोणीतरी असाच परस्पर सांगत असणार.

गराच्या बाजूने पाहिले तर चित्र आणखी अवघड आहे. जगात काजूगर निर्यात करण्यात भारताचा पहिला क्रमांक होता, तो २००६ च्या सुमारास व्हिएतनामने घेतला. तिथल्या कारखान्यांत बी फोडण्यापासून साल काढण्यापर्यंत यंत्रे आली. आमच्याकडे कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी, दोडामार्ग या तालुक्यांतील लहान कारखान्यांत आजही बरेचसे काम बायकांच्या हातावर चालते. वाफवलेली बी कटरवर धरायची, एका हाताने दांडा ओढायचा, पायाने पट्टी दाबायची, फुटलेल्या टरफलातून गर अलगद सोडवायचा. टरफलातील चीक बोटांना लागला की कातडी काळी पडून सोलवटते, म्हणून बायका काम सुरू करण्यापूर्वी हाताला तेल चोळून घेतात. हातमोजे घातले तर वेग येत नाही आणि मजुरी किलोवर असते. सोलणीत गर अख्खा निघाला पाहिजे, कारण अख्ख्या गराची आणि तुकड्याची किंमत एक नसते. आमच्या वाडीतील कित्येक घरांत गॅस सिलिंडर, विजेचे बिल आणि मुलांच्या वह्या या मजुरीवर निघतात. राहणीमान या शब्दाचा अर्थ या घरांत एवढाच आणि इतका मोठा आहे.

इथे एक गुंता आहे आणि तो मी प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. कारखाना बारा महिने चालायचा तर केवळ स्थानिक बीवर तो चालवणे लहान कारखानदाराला जड जाते. वर्षभराची बी एप्रिल-मेमध्ये भरून ठेवायची म्हणजे लाखोंचे भांडवल अडकते, त्यावर बँकेचे व्याज चढते आणि पुढे गराचा भाव पडला तर सगळा तोटा त्याच्या माथी येतो. म्हणून तो पावसाळ्यानंतर आयात बी घेतो, आणि त्या बीवर या बायकांना काम मिळते. आयात बंद करा, अशी मागणी सभांतून टाळ्या मिळवते. पण ती मान्य झाली तर पहिला घाव याच बायकांच्या मजुरीवर बसेल. मी ती मागणी करणार नाही.

मात्र आयातशुल्क हंगाम पाहून ठरवता येणार नाही काय? फेब्रुवारी ते मे, म्हणजे आमची बी बाजारात असते त्या चार महिन्यांत, कच्च्या बीवरील शुल्क वाढवावे आणि उरलेल्या काळात ते आजच्याइतकेच ठेवावे. जागतिक व्यापाराच्या नियमांनी सरकारचे हात बांधलेले आहेत, असे उत्तर यावर दिले जाते. परंतु २०१९ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने काजूगरावरील आयातशुल्क ४५ टक्क्यांवरून ७० टक्के केले, तेव्हा हे नियम आड आले नाहीत. गर विकणाऱ्याला ७० टक्क्यांची भिंत आणि बी पिकवणाऱ्याला अडीच टक्क्यांचे कुंपण, ही वाटणी न्याय्य आहे असे मला वाटत नाही.

दुसरा प्रश्न हमीभावाचा. बांदा-पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा लागतो. तिथल्या सरकारने काजूसाठी आधारभूत किंमत ठरवलेली आहे. २०२३ मध्ये ती किलोमागे १५० रुपये करण्यात आली आणि बाजारभाव त्याखाली गेला तर फरकाची रक्कम शेतकऱ्याला देण्याची सोय आहे. माती तीच, पाऊस तोच, झाडावर पडणारा ढेकण्या किडा तोच, आणि अलीकडचा-पलीकडचा शेतकरी अनेकदा एकमेकांचा सोयरा. तरी एकाला हंगामापूर्वी आपल्या कष्टाची किमान किंमत माहीत असते आणि दुसऱ्याला नसते. आपल्या राज्यात २०२४ मध्ये किलोमागे १० रुपयांचे अनुदान जाहीर झाले, त्याबद्दल आभार. पण बी विकून झाल्यावर जाहीर होणारे, सातबारा आणि पावत्यांच्या फेऱ्यांत अडकणारे अनुदान म्हणजे भाव नव्हे. कृषी विद्यापीठाने उत्पादनखर्च काढावा, त्यावर आधारित किंमत जानेवारी संपण्यापूर्वी जाहीर व्हावी आणि फरकाची रक्कम थेट खात्यात जमा व्हावी.

शेतमाल तारण योजनेबाबतही लिहिणे आवश्यक आहे. काजू बी गोदामात ठेवून तिच्या किमतीच्या काही भागाइतके कर्ज ६ टक्के व्याजाने उचलायचे आणि भाव चढल्यावर विकायची, ही कृषी पणन मंडळाची योजना कागदावर उत्तम आहे. परंतु गोदाम जवळ नसेल तर चार-सहा गोणी बी असलेल्या शेतकऱ्याने ती टेम्पोने तिथपर्यंत नेऊन ठेवायची कशी? पावसाळा तोंडावर आलेला असतो, शाळा सुरू व्हायच्या असतात, शेतीची नांगरट करायची असते. अशा वेळी तो मिळेल त्या भावाला बी देऊन मोकळा होतो. विकास सोसायट्यांना गावपातळीवर लहान, कोरडी गोदामे बांधून दिली तर जागतिक बाजाराशी टक्कर देण्याचे निदान एक साधन त्याच्या हाती येईल, ते म्हणजे थांबण्याची ताकद.

वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या प्रदेशाचा खास माल अशी कायदेशीर ओळख, मिळालेले आहे, पण ग्राहकाला त्याची माहिती नाही. महामार्गावरील दुकानांतून ‘कोकणचा काजू’ म्हणून घेतलेल्या पिशवीतील गर कुठल्या देशातील बीचा आहे, हे पिशवीवर कुठेही लिहिलेले नसते. मूळ बी कोणत्या देशातील, हे छापणे बंधनकारक केले तर ज्याला स्वस्त हवा तो स्वस्त घेईल आणि ज्याला इथली चव हवी तो तिचे पैसे मोजेल. बोंडूचीही, म्हणजे बी ज्याला लागते त्या फळाचीही, हीच गत. गोव्यात त्याची फेणी ही दारू होते आणि तिला २००९ पासून भौगोलिक मानांकनही आहे. आमच्याकडे बीच्या कित्येक पट वजनाचे हे रसाळ फळ बहुतांशी झाडाखालीच कुजते. राज्यात काजू मंडळ स्थापन झाले आहे, त्याने सरबत, रस यांसारख्या प्रक्रियेचे हे एक काम जरी मनावर घेतले तरी शेतकऱ्याला त्याच झाडापासून दुसरे उत्पन्न मिळेल.

याचा राहणीमानाशी काय संबंध, असे कोणी विचारील. बागेच्या उत्पन्नावर घर चालत नाही, म्हणून सावंतवाडी-दोडामार्गकडची मुले पहाटे दुचाकीवरून गोव्यातील कारखान्यांत कंत्राटी कामाला जातात आणि रात्री परततात. उरलेली मुंबई-पुणे गाठतात. घरात वस्तू आल्या त्या बहुतांशी या मुलांच्या पगारातून आणि हप्त्यांवर. मात्र घरात गंभीर दुखणे आले आणि गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयात माणूस हलवावा लागला, की पहिल्या आठवड्यातच कर्जासाठी विकास सोसायटीचे दार ठोठवावे लागते. तिकडे बागांतील काटेरी झुडपे वाढत चालली आहेत, कारण साफसफाईची मजुरी बीच्या भावातून सुटत नाही. सरकारी आकडेवारीत आमचे दरडोई उत्पन्न वाढलेले दिसेलही. त्यातले किती इथल्या जमिनीतून आले आणि किती बाहेर राबणाऱ्या मुलांनी पाठवले, हे वेगळे काढून पाहिल्याशिवाय कोकणच्या राहणीमानाबद्दल कोणी निष्कर्ष काढू नये.

शेवटी आपल्याकडेही एक विनंती. वर्तमानपत्रांच्या बाजारभावाच्या रकान्यांत कांदा, सोयाबीन, कापूस यांचे दर नियमित येतात, काजू बीचा दर मात्र क्वचितच सापडतो. फेब्रुवारी ते मे या काळात सावंतवाडी, कुडाळ, कणकवली आणि वेंगुर्ले येथील काजू बीचे भाव, आणि शेजारी गोव्यातील भाव, आपल्या दैनिकात रोज छापले जावेत. व्यापाऱ्याच्या मोबाइलवर सकाळी जो आकडा येतो, तो गोणी उचलण्यापूर्वी शेतकऱ्यालाही वाचायला मिळाला पाहिजे.

आपला,
एक काजू बागायतदार,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग