घाट ओलांडण्याआधी माघारीची जागा ठरवा

महोदय,

खासगी वैमानिक परवाना मिळवणाऱ्या गोमंतकीय तरुणांना एक कळकळीची विनंती आहे. गोव्यातील मोपा विमानतळाहून बेळगावचे अंतर नकाशावर किरकोळ दिसते. मात्र मध्ये सह्याद्री उभा आहे, आणि पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या माथ्यावर उतरणारे ढग काही मिनिटांत पुढची आणि मागची अशा दोन्ही वाटा बंद करू शकतात. दृश्य उड्डाण नियमांनुसार, म्हणजे बाहेरचे डोळ्यांनी पाहत, उडणाऱ्याने ढगांत शिरायचे नसते, म्हणूनच कोठून माघारी फिरायचे, ही खूण जमिनीवर असतानाच नकाशावर करावी. सोबतचे प्रवासी नाराज होतात, हा अनुभव मीही घेतला आहे. तरीही निर्णय बदलू नये.

समोरचा वारा धरून, पर्यायी विमानतळ गाठल्यावरही पाऊण तास पुरेल एवढे इंधन मी घेतो. सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी दृश्य उड्डाणाची मुभा संपते, हेही वेळापत्रकात धरावे. उड्डाण आराखडा आणि हवाई संरक्षण मंजुरी (हवाई संरक्षण यंत्रणेला विमानाची ओळख पटावी म्हणून घ्यायची परवानगी) यांना कोणी कागदी सोपस्कार समजू नये, कारण वेळेत न पोहोचलेल्या विमानाचा शोध त्या आराखड्याच्याच आधारे सुरू होतो.

– एक खासगी वैमानिक, फोंडा