कढईवरचा गंज

रत्नागिरी,
दि. १६ जुलै २०२५

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

रविवारी मी जे बोललो त्याची तीन दिवस मनाला टोचणी लागली आहे. फोन केला तर पुन्हा आवाज चढेल, म्हणून लिहायला बसलो. एका कढईपायी पोरीला एवढे बोलायचे काही कारण नव्हते, हे तुझ्या आईचे म्हणणे मला मान्य आहे. तरीही तू पाठवलेला फोटो मी सारखा मोठा करून पाहतो. बुडाशी गेरूसारखा तांबूस पट्टा आहे, वर कडेला ठिपके आहेत, आणि मूठ जिथे ठोकली आहे तिथून एक ओघळ खाली आला आहे. लोखंड वाया गेलेले नाही. तासाभरात ते पूर्ववत होईल, आणि ते कसे करायचे हे पुढे लिहितो. पण ज्या कढईत रोज काही ना काही परतले जाते, तिला असा गंज धरत नाही. गेले तीन-चार आठवडे तू रात्री जेवतेस काय?

जेवणाचा विषय काढणार नाही असे मी आईला कबूल केले होते, तेव्हा हे वाक्य तिला वाचून दाखवणार नाही.

आता कढईचे. तारेची घासणी आणि थोडा साबण घेऊन गंज जाईपर्यंत घास, धू, आणि लगेच फडक्याने पूस. पुसल्यावर शेगडीवर मंद आचेवर ठेवून पूर्ण कोरडी कर, कारण फडक्याने न निघालेला ओलावाच पुढे घात करतो. मग अर्धा चमचा शेंगदाण्याचे रिफाइंड तेल आतून-बाहेरून चोळ आणि कागदाने असे पुसून काढ की तेल लावलेच नव्हते असे वाटावे. येथेच बहुतेकांचे चुकते. तेल जाड राहिले की तापल्यावर चिकट होते. पातळ राहिले तर ते लोखंडावर कडक होऊन त्याचा काळसर थर बनतो, आणि हाच थर पुढे गंज अडवतो व पदार्थ चिकटू देत नाही. किंचित धूर येईपर्यंत तापव, निवू दे, आणि असे तीन-चार वेळा कर. तुझ्याकडे इंडक्शन आहे, म्हणून एकदम मोठी आच लावू नकोस. पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा असतो आणि फक्त बूडच तापते, त्यामुळे बूड फुगून कढई डुगडुगू लागेल. कडांना आच लागत नसल्याने तिथला थर हळूहळूच येईल. धुराचे घरमालकिणीला आधी सांगून ठेव. खोली भाड्याने देताना तिने ‘हलका स्वयंपाक चालेल’ अशी अट घातली आहे, हे मी विसरलेलो नाही. खरे सांगायचे तर ती अट ऐकली तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता.

आपल्या माईचा बिडाचा तवा आठव. घावन टाकण्याआधी ती अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायची आणि तव्याला साबण लावू द्यायची नाही. तू पाच-सहा वर्षांची असताना तो तवा राखेने लखलखीत घासून ठेवला होतास, आणि माई दोन दिवस तुझ्याशी बोलली नव्हती. म्हणजे हे तुझ्याकडून पहिल्यांदाच झालेले नाही!

ही कढई मी १९९४ साली हाँगकाँगला याउ मा तेइमधल्या शांघाय स्ट्रीटवर घेतली. त्या रस्त्यावर भांड्यांचीच दुकाने आहेत. मी ज्या बोटीवर नोकरीला होतो ती दुरुस्तीला लागली होती, आणि आमचा चीफ कुक, ज्याला आम्ही सगळे सिफू म्हणत असू, मला सोबत घेऊन गेला. तो कँटनकडचा होता. अशा कढईला म्हणतात तो ‘वॉक’ हा शब्दही त्यांच्याच बोलीतला, हे मला त्याच्याकडूनच कळले. दुकानात त्याने एकामागून एक पंधरा-वीस कढया उचलल्या, बोटाच्या पेराने वाजवून पाहिल्या आणि खाली ठेवल्या. शेवटी सपाट बुडाची ही निवडली, कारण गॅलीत, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरात, विजेच्या सपाट शेगड्या होत्या. ते सपाट बूड आज तुझ्या इंडक्शनवर उपयोगी पडत आहे. त्यांच्याकडे भरपूर तापलेल्या कढईतून पदार्थाला जो धुरकट वास आणि चव येते तिला ‘वॉक हेइ’ म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास. घरच्या शेगडीवर ती तशी येत नाही, हॉटेलची आच कितीतरी पटींनी मोठी असते, तेव्हा आली नाही म्हणून खट्टू होऊ नकोस.

सिफूचा पहिला नियम असा होता की कढई आधी कोरडी तापवायची, तेल नंतर घालायचे, आणि तेल फिरवले की लगेच जिन्नस टाकायचा. दुसरा असा की सगळे चिरून, वाट्यांत काढून, हाताशी ठेवल्याशिवाय शेगडी पेटवायचीच नाही. खवळलेल्या समुद्रात बोट डोलत असताना त्या वाट्या ओल्या फडक्यावर ठेवाव्या लागत, आणि एकदा चिरलेल्या आल्याची वाटी माझ्या बुटात गेली होती. तिसरा नियम तुझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. एका वेळी थोडेच घाल. कढई भरलीस की भाजीला पाणी सुटते, आच खाली बसते आणि भाजी परतली जाण्याऐवजी शिजते. एका माणसाचे जेवण म्हणजे मूठभर भाजी आणि वाटीभर भात. चिरण्याला दहा मिनिटे लागतात आणि परतण्याला चार. रात्री नऊला घरी आलेल्या माणसालाही एवढे जमावे.

भात आदल्या दिवशीचा, फ्रिजमधला घे. गार झालेला भात मोकळा होतो, चिकटत नाही. आपल्या फोडणीच्या भाताचेही तेच आहे. मात्र उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नकोस. सिंगापूरच्या उष्ण, दमट हवेत त्यात जंतू वाढतात, आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भात उरला की थोडा पसरून लवकर निवव, मग झाकून फ्रिजमध्ये ठेव, आणि दुसऱ्या दिवशी संपव. दोन दिवसांपूर्वीचा भात हुंगून बघत बसू नकोस, बाहेरचे डबे त्याच्यावर रचून ठेवू नकोस, आणि कामाच्या नादात...

हे पुन्हा व्याख्यान झाले. क्षमा कर. तू सव्वीस वर्षांची आहेस, परक्या देशात स्वतःच्या हिमतीवर नोकरी मिळवलीस, आणि तुमच्या कार्यालयात तुझ्याहून मोठी माणसे तुला विचारून काम करतात, हे मी गोडबोले काकांना इतक्यांदा सांगितले आहे की ते आता संध्याकाळी दुसऱ्या रस्त्याने फिरायला जातात. आणि हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाण्याच्या गाळ्यांवर, जेवणे वाईट आहे असेही माझे म्हणणे नाही. मी स्वतः तिथे ‘चार क्वे तिआव’ नावाच्या परतलेल्या नूडल्स खाऊन पुन्हा रांगेत उभा राहिलेला माणूस आहे. सिंगापूरच्या त्या हॉकर परंपरेला २०२० साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले, ते उगीच नाही. पण तिथे जायलासुद्धा कार्यालयातून उठावे लागते ना?

तू आईला म्हणालीस की मे महिन्यात त्या कढईत आमसुलाचे सार केले होतेस. एरवी मी कपाळावर हात मारून घेतला असता. आमसूल, चिंच, टोमॅटो यांच्या आंबटाने तो काळा थर उतरतो आणि सारही काळवंडते. पण गंज त्या सारामुळेच धरला असेल तर मला आनंदच आहे. त्या दिवशी तू घरी रांधून जेवलीस, एवढे तरी त्यातून कळते.

ज्या रात्री कढई चढवायचे त्राण नसेल, त्या रात्रीसाठी एक पदार्थ सांगतो. मला बोटीवर ताप आला होता तेव्हा सिफूने तो करून दिला होता. दोन अंडी फेसायची. त्यांच्या दीडपट कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ घालून ते गाळायचे, म्हणजे फेस राहत नाही. खोलगट बशीत ओतून वर दुसरी बशी उपडी घालायची आणि मंद वाफेवर आठ-दहा मिनिटे ठेवायचे. बशी हलवल्यावर मधला भाग थरथरला की झाले. वर थोडा सोया सॉस आणि कांद्याची पात घालायची. खरवसासारखे लागते, पण तिखटमिठाचे. हे साध्या पातेल्यात कर, कारण पाणी उकळत राहिल्यानेही कढईचा थर जातो. याला धूर नाही, वास नाही, घरमालकिणीची हरकत नाही.

आता जे रविवारी सांगायला हवे होते ते सांगतो. तू नववीत असताना आईचे ऑपरेशन झाले, तेव्हा आपण दोघे जवळजवळ दोन महिने खानावळीच्या डब्यावर होतो, आणि तो डबाही निम्मा परत जात असे, हे तुला आठवत असेल. आई घरी आल्यावर मी तिच्यासाठी काहीतरी करायला म्हणून ही कढई खुंटीवरून काढली. तिच्यावर अगदी याच रंगाचा गंज होता. तू शाळेतून आलीस तेव्हा मी मागच्या अंगणात बसून ती घासत होतो आणि तुला म्हणालो होतो की डोळ्यांत राख गेली आहे. रविवारी तुझा फोटो पाहिला आणि मी कढईबद्दल ओरडू लागलो.

घासून झाली की फोटो पाठव. चकचकीत नको, तेलकट चालेल, आणि आत थोडा भात चिकटलेला असला तर फारच उत्तम.

तुझा,
बाबा

ता. क. मुठीजवळचा ओघळ पूर्ण निघाला नाही तरी तिथे जोर लावू नकोस, पत्रा पातळ आहे. त्याच्या डाव्या बाजूला बोट फिरवलेस तर एक खळगा लागेल. तो त्या वर्षीचा आहे, मलाही काढता आला नव्हता.