क्तेनासचा साठ पौंडांचा सौदा

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला कॉन्स्टॅन्टिनोपलच्या, म्हणजे बायझंटाइन सम्राटांच्या, दरबारावरचा लेख वाचला. ‘बिनकामाच्या अधिकाऱ्यांना फुकट पोसणारे उधळे सम्राट’ हा त्यातला सूर खटकला. माझी सगळी नोकरी कोषागारात गेली, त्यामुळे राहवले नाही.

तिथे हुद्दा वेगळा आणि मानपद वेगळे. शाही मेजवानीत कोणी कुठे बसायचे, याची फिलोथिओस या दरबारी अधिकाऱ्याने ८९९ साली केलेली यादी आहे. तीत हा भेद स्वच्छ दिसतो. हुद्दा सम्राटाच्या शब्दावर मिळे आणि त्याच शब्दावर जाई. मानपदाचे मात्र चिन्ह मिळे: पात्रिकिओसला हस्तिदंती पाट्या, प्रोतोस्पाथारिओसला सोन्याचा गळपट्टा. शिवाय दरसाल सोन्यात रोगा, म्हणजे तनखा.

पण तो फुकट नव्हता. सम्राट सहाव्या लिओच्या काळात (८८६–९१२) क्तेनास नावाचा एक म्हातारा, गडगंज धर्मसेवक होता. गाण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याला प्रोतोस्पाथारिओस व्हायचे होते. त्याने वशिला लावून चाळीस पौंड सोने देऊ केले. धर्मसेवकाला हे पद दिले तर आपलीच नाचक्की, असे म्हणून सम्राट अडला. मग म्हाताऱ्याने दहा पौंडांची कर्णभूषणे आणि तेवढ्याच किमतीचे, सोन्याचे प्राणी कोरलेले चांदीचे मेज वर ठेवले. नाचक्कीचा मुद्दा तिथेच मिटला! तनखा वर्षाला एक पौंड, म्हणजे ७२ नाणी. क्तेनास दोन वर्षांत वारला. साठ आले, दोन गेले, आणि मुद्दल परत करायचा प्रश्नच नाही. हा हिशेब लिओच्याच मुलाने, सातव्या कॉन्स्टन्टाइनने, आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवला आहे. याला उधळपट्टी कोण म्हणेल? म्हातारबुवांनाही व्याजाची फिकीर नसावी. दरबारी पोशाखात राजवाड्यातल्या लाउसियाकोस दालनात बसायला मिळाले, बस्स.

उधळेपणा म्हणायचाच तर तो अकराव्या शतकातला. नाण्यातले सोने घटत गेले आणि सम्राट बोटानिआटीसने (१०७८–८१) मानपदे इतकी वाटली की तनखे द्यायला खजिना पुरेना. १०८१ मध्ये गादीवर आलेल्या अलेक्सिओस कोम्निनोसने तनख्यांना कात्री लावली. मानपदे मात्र त्यालाही सुटली नाहीत. सीझर हे पद मेहुण्याला कबूल करून बसला होता, म्हणून सख्ख्या भावासाठी त्याने त्याहून वरचे सेबास्तोक्रातोर हे पद नव्याने काढले.

— एक निवृत्त उपकोषागार अधिकारी, सातारा