आई-बाबा, डोहाळजेवणाआधी हे वाचा

प्रिय आई, बाबा,

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा "जेवलीस का?" इथेच मी अडकले, हो म्हणून ठेवून दिला. म्हणून लिहितेय.

बाबा, आठवतंय का, बारावीला मी लातूरला होते, दिवाळीत घरी आल्यावर तुम्ही मला दातांच्या डॉक्टरकडे नेलंत, वरचे पुढचे दात आतल्या बाजूने झिजलेले निघाले आणि तुम्ही म्हणालात, कोल्ड्रिंक बंद. ते कोल्ड्रिंकमुळे नव्हतं. आईने पाठवलेला चिवड्याचा अख्खा डबा मी एका रात्रीत संपवायचे, मग लाज वाटायची, जाड होईन अशी भीती वाटायची आणि सगळं ओकून टाकायचे. याला बुलिमिया म्हणतात. मनाचा आजार आहे, नखरे नाहीत, आणि तुमचं कुठे काही चुकलं असंही नाही. वजन नॉर्मलच असायचं ना, त्यामुळे कुणाला संशयच आला नाही.

लग्नानंतर हे जवळपास थांबलं होतं. मग दिवस राहिले, पहिल्या तीन महिन्यांतल्या उलट्यांनी सगळं परत वर आलं. जो तो म्हणायचा अगं होतंच असं, आणि मला त्या आडोशाला लपणं इतकं सोपं झालं की चौथा महिना संपला तरी उलट्या चालूच, त्यातल्या कुठल्या आपोआप झाल्या आणि कुठल्या मी काढल्या हे फक्त मलाच माहीत. रक्त तपासलं तर पोटॅशियम कमी, हिमोग्लोबिन ९.२, गरोदरपणात ते ११ च्या खाली गेलं तर ॲनिमिया धरतात. गायनॅक मॅडमनी दार लावलं आणि सरळ विचारलं, "तू मुद्दाम उलटी काढतेस का?" इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. खूप रडले, पण खरं सांगितलं.

आता सायकियाट्रिस्ट, आठवड्याला काउन्सेलिंग, डाएटिशियन, सगळं चालू आहे. दर तीन तासांनी थोडं थोडं खाते. उलटी झालीच तर लगेच ब्रश करत नाही, खायच्या सोड्याच्या पाण्याने चूळ भरते. वजनकाट्यावर पाठमोरी उभी राहते, आकडा सिस्टर लिहून घेतात, मला सांगत नाहीत. माझ्या उंची-वजनाला नऊ महिन्यांत ११.५ ते १६ किलो वाढायलाच हवेत, हे डोक्याला पटतं पण आरशासमोर उभं राहिलं की पटत नाही. विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी चांगली आली. पण हे असंच चालू राहिलं तर बाळ कमी वजनाचं होऊ शकतं, दिवस भरायच्या आधी होऊ शकतं, मॅडमनी हे माझ्यापासून लपवलं नाही आणि मी तुमच्यापासून लपवत नाही.

आई, सातव्यात डोहाळजेवण कर, हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी, सगळं हवंय मला. फक्त ताटात आग्रह नको, "दोन जिवांची आहेस" नको. गाल वर आलेत, पोट दिसतच नाही, असलं काही मावशी-आत्यांनी बोलू नये म्हणून त्यांना तू आधीच सांग, कौतुकाने बोललेलंही मला रात्रभर झोपू देत नाही गं. डिंकाचे लाडू कर, पण डबा माझ्या खोलीत ठेवू नकोस, रोज एक तुझ्या हाताने दे. आणि बाळ झाल्यावर पोट कमी झालं का असं कुणी विचारायचं नाही, हा आजार उलटायची भीती तेव्हा जास्त असते.

बाबा, तुमच्याकडेही एक काम आहे. जेवणानंतरचा पाऊण तास मला सगळ्यात अवघड जातो, तेव्हा मी एकटी नको. इथे निखिल कॅरम मांडतो. मी उठून बाथरूमकडे निघालेच तर रागावू नका, नुसती हाक मारा. घरी आले की तुम्ही पत्ते काढा, बदाम सात खेळू. आई, भांडी राहू देत, तूही बस.

तुमची,
सोनू